बेचाळीस घरांचा नकाशा

मी खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात ट्रेसर होते. हा शब्द आता कुणाला सांगितला तर समजावून द्यावा लागतो. इंजिनियर लोक पेन्सिलीने यंत्राच्या भागांची चित्रं काढायचे. आम्ही त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचो आणि शाईने तीच रेघ पुन्हा ओढायचो. रेघ माझी नसायची, पण ती स्वच्छ निघाली पाहिजे ही जबाबदारी माझी. पुढे कॉम्प्युटर आले, आमची तिरकी टेबलं उचलली गेली आणि उरलेली नोकरी मी रेकॉर्ड रूममध्ये फायलींवर नंबर घालत काढली. निवृत्त झाले तेव्हा हातातली ती विद्या कधीच विसरल्यासारखी झाली होती.

आमची वस्ती खमरियाला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. मधे एक गल्ली, दोन्ही बाजूंनी घरांची रांग, सगळी मिळून बेचाळीस, आणि गल्लीच्या टोकाला मैदान. माझ्या सासऱ्यांच्या पिढीतल्या कामगारांनी मिळून सहकारी संस्था काढली, एका मोठ्या जमीनदाराकडून जागा घेतली आणि जमेल तशी एकेक खोली बांधत नेली. सासरे वर्ध्याकडचे. शेजारी कुणी छत्तीसगढचे, कुणी बिहारचे, कुणी इथलेच. त्यामुळे आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. आमचा मुलगा दोन्हींची मिसळ बोलायचा. आता तो पुण्यात आहे आणि फोनवर मला सांगतो, "आई, तू 'जाऊन राहिली' म्हणतेस ना, इथे सगळे हसतात." मी म्हणते, हसू दे.

घरं उभी राहिली आणि संस्था हळूहळू झोपी गेली. बैठका बंद पडल्या, निवडणूक कुणी घेतली नाही. सगळी जमीन सरकारी कागदात अजून जुन्या मालकाच्याच नावावर राहिलीय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. घर आपलं आहे हे इतकं उघड होतं, की ते कागदावर जाऊन पाहावं असं कुणाला वाटलंच नाही.

एका हिवाळ्यात मैदानात माणसं आली आणि चुन्याने खुणा करू लागली. चौकशी केल्यावर कळलं की जमीनदाराच्या नातवांनी सगळी जागा, मैदान आणि आमच्या घरांसकट, बाहेरगावच्या एका बिल्डर कंपनीला विकली आहे. चार दिवसांनी कंपनीचा माणूस घरोघरी फिरू लागला. आमच्या मुलाच्याच वयाचा, अतिशय नम्र. चपला बाहेर काढून आत यायचा. माझ्या नवऱ्याला 'अंकलजी' म्हणायचा. आमच्याकडे आला तेव्हा खव्याची जिलबी घेऊन आला होता, अजून गरम. म्हणाला, कुणाला बेघर करायचं नाहीये. इथेच मोठी इमारत होईल, प्रत्येकाला फ्लॅट मिळेल, फक्त एका संमतीपत्रावर सही पाहिजे. मी जिलबी झाकून ठेवली आणि सांगितलं, विचार करून सांगू.

संस्थेचं जुनं रजिस्टर ज्यांच्या कपाटात होतं, त्यांना सगळी वस्ती अजून सेक्रेटरी साहब म्हणते. कारखान्यात क्रेन चालवायचे. संध्याकाळच्या नमाजनंतर त्यांनी सगळ्यांना मैदानात बोलावलं आणि तहसील कचेरीतून आणलेली कंपनीच्या नकाशाची प्रत दाखवली. तो नकाशा आकाशातून घेतलेल्या फोटोवरून केलेला होता. आमच्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून, वर पत्रे, त्यामुळे वरून पाहिलं तर सगळी रांग म्हणजे एकच लांबलचक छप्पर. त्यावर लिहिलं होतं, मोकळी जागा, काही तात्पुरती बांधकामं.

माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "इसमें मेरा घर कौन-सा है?" सेक्रेटरी साहबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत, ओट्यावरच बसले.

"भाभीजी, आप कारखाने में नक्शे बनाती थीं ना?"

"बनवत नव्हते," मी हिंदीतच सांगितलं. "दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा उतरवत होते."

त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ये घर भी तो दूसरों ने ही बनाए हैं. आप बस उतार दीजिए."

वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की संस्था पुन्हा उभी करा, निवडणूक घ्या, आणि प्रत्येक घर, प्रत्येक भिंत, कोण कधीपासून राहतो हे दाखवणारा नकाशा कचेरीत द्या. तो बघून अधिकारी जागेवर येऊन तपासणी करेल. मी हो म्हटलं. आत आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते रेडिओ ऐकत पडले होते. "कर," एवढंच म्हणाले आणि कूस बदलली.

तो पारदर्शक कागद आता कुठे मिळतो, हे शोधण्यात आठवडा गेला. शेवटी कमानिया गेटजवळच्या एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून गुंडाळीचा उरलेला तुकडा काढून दिला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. मी दुकानातच त्यावरून हात फिरवला. दुकानदार म्हणाला, "बहुत दिनों बाद किसी ने ऐसे हाथ फेरकर देखा." मी पैसे दिले आणि घाईघाईने रिक्षात बसले.

टेपचं दुसरं टोक धरायला माझ्याबरोबर समोरच्या घरातली दीदी आली. तिचं माहेर शहरातल्याच गोहलपूरचं. लग्न होऊन आल्यापासून ती आपल्या ओट्यावर बसून बिड्या वळते. मी तिला दीदी म्हणते, ती मला दीदी म्हणते. मोठी कोण, हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. तिला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते. पण तेंदूचं पान किती ओढलं तर फाटतं हे ज्या बोटांना कळतं, त्या बोटांना टेपचा ताणही कळत होता. तिने धरलेलं टोक कधी सैल पडलं नाही.

रोज दुपारी दोन घरं. आम्ही येणार म्हणून लोक घर आवरून ठेवायचे. भिंती पुसायचे, खाटेवर धुतलेली चादर टाकायचे, मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखे. एका घरात सहाजण एका खोलीत राहत होते. तिथल्या सुनेने मला हळूच विचारलं, "थोडा बड़ा नहीं दिखा सकते क्या?" मी सांगितलं, जेवढं आहे तेवढंच दाखवावं लागतं. ती म्हणाली, "ठीक है," आणि टेपच्या आड येणारी पेटी स्वतःच ओढून बाजूला केली.

इतकी वर्षं या गल्लीत राहून मी बहुतेक घरांच्या पहिल्या खोलीपलीकडे कधी गेले नव्हते. आता मोरी, देवघर, माळा, जिन्याखालची जागा, सगळीकडे वाकून जावं लागत होतं. कुणाच्या मागच्या खोलीत अंधार इतका, की भरदुपारी दिवा लावून आकडे वाचले. कुणी स्वयंपाकघराच्या भिंतीत बाटल्यांच्या काचा बसवून उजेड आणला होता. कारखान्यात मी जे भाग उतरवायचे ते कुठे बसतात, कशाला लागतात हे आम्हाला कधी सांगत नसत. इथे प्रत्येक रेघेच्या पाठीमागे कोण झोपतं हे मला माहीत होतं. हात सावकाश चालायचा.

सोळा आणि सतरा नंबरात दोन भाऊ राहतात. मधल्या भिंतीत पूर्वी दार होतं. बोलणं बंद झालं तेव्हा ते विटांनी बुजवलं. मी थोरल्याला विचारलं, इथे काय दाखवू? तो म्हणाला, "दीवार." पलीकडे जाऊन धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "दरवाज़ा है जी, और क्या." मी त्या रात्री विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तिथे तुटक रेघ काढली. यंत्राच्या चित्रात जो भाग असतो पण समोरून दिसत नाही, त्याला आम्ही तुटक रेघ काढायचो.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचे. यजमान पलंगावरून बघायचे. मधेच उठून दिव्याचं तोंड माझ्याकडे वळवायचे आणि पुन्हा जाऊन पडायचे. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. मशीन शॉपमध्ये आयुष्यभर उभं राहून काम केलेलं. कमी बोलणारा माणूस, त्यात दुखणं, त्यामुळे त्यांच्या गप्प राहण्यात काही वेगळं आहे असं माझ्या मनात आलं नाही.

आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. एकेचाळीस झाली, त्या दिवशी सेक्रेटरी साहब आले. कंपनीने कचेरीत संमतीपत्रांची यादी दिली होती, तिची प्रत त्यांनी आणली होती. अकरा घरांनी सह्या केल्या होत्या. मी, दीदी आणि ते, तिघं आमच्या ओट्यावर बसलो. ते नंबर वाचत गेले, मी कच्च्या कागदावर त्या घरांवर पेन्सिलीने टिंब देत गेले. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी केला.

मी टिंबं मोजली. "अकरा म्हणालात, दहाच वाचलीत."

दीदी तिच्या घराकडे बघायला लागली.

"भाभीजी," सेक्रेटरी साहब खाली बघून म्हणाले, "एक बार भाईसाहब से पूछ लीजिए. मुझसे मत पढ़वाइए."

मी आत गेले. यजमान ताटात मटार सोलत होते. थंडीत आमच्याकडे मटारचे ढीग येतात आणि सोलायचं काम त्यांचंच.

"तुम्ही सही केली?"

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. "हो."

"काहून?"

मी खुर्ची ओढून समोर बसले. मला राग येत होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. एकेचाळीस घरांत जाऊन मी लोकांचे पेटी-पलंग हलवून मापं घेतली, आणि माझ्याच घराचा कागद कंपनीच्या फायलीत.

"मला सांगितलं काहून नाही?"

"तू त्या कागदावर काम करून राहिली होतीस," ते म्हणाले. "किती वर्षांनी तुला तसं पाहिलं. मान खाली, जीभ दातात धरलेली. कसं सांगू?"

"पण केलीच कशाला?"

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "तुला न्यूमोनिया झाला होता तेव्हाचं आठवते?"

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला श्वास घेता येत नव्हता. ॲम्ब्युलन्स आली, पण गल्लीत शिरेना. दोन्ही बाजूंचे ओटे पुढे आलेले, मधे जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी वाट. गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि मला खाटेवर घालून तिथपर्यंत नेलं.

"चौघांनी खाट उचलली," ते म्हणाले. "मी मागून चालून राहिलो होतो. गुडघे असे. लोक वळून वळून म्हणत होते, भाईसाहब, आप आराम से आइए. चार माणसं, खाट, आणि मागे मी. त्या वेळी मला काय दिसून राहिलं होतं ते मी तुला सांगू शकत नाही. मग हा पोरगा आला. म्हणाला, अंकलजी, लिफ्ट असेल, गाडी थेट दारापर्यंत येईल. त्यापुढे तो काय बोलला ते मी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी तू बाजारात गेलीस तेव्हा त्याला बोलावलं."

मी एक शेंग घेतली आणि सोलायला लागले.

"मला त्या दिवसाचं वेगळंच आठवते," मी म्हटलं. "मी उताणी होते, पाऊस भुरभुरत होता. वर आभाळाची पट्टी आणि चार चेहरे. सेक्रेटरी साहब घामाघूम झाले होते. दीदी माझ्या तोंडावर छत्री धरून बाजूने पळत होती, आणि स्वतः भिजून राहिली होती. मला वाटलं, हे लोक काही मला मरू देत नाहीत. खरं सांगते, मला भीतीच नाही वाटली."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी ताट दोघांच्या मधे ठेवलं. आम्ही सगळे मटार सोलून संपवले. मग ते म्हणाले, "बाकीच्या दहांनी पण उगीच सही केली नसेल." आणि भिंतीला लावलेली काठी घेऊन बाहेर पडले.

पुढचे आठ-दहा दिवस ते रोज एकेका घरी जायचे. त्या घरांत सेक्रेटरी साहब गेले की लोक गप्प बसायचे, मी गेले की चहा करायचे. पण ज्याने स्वतः सही केली आहे त्याच्यापाशी लोक बोलले. घरी येऊन ते मला सांगायचे आणि मी कच्च्या कागदाच्या पाठीवर लिहून ठेवायचे. टोकाच्या तीन घरांना नळाचं पाणी पोचत नव्हतं. दोन घरांसमोर नाली तुंबून पावसाळ्यात घाण आत यायची. एकाने शेजाऱ्याच्या भिंतीवरून भांडण झालं म्हणून रागाने सही केली होती. एक आजोबा एकटे होते, त्यांना भिलाईला लेकीकडे जायचं होतं. आणि तीन घरांनी आमच्यासारखीच ॲम्ब्युलन्सची गोष्ट सांगितली. त्यातल्या एका घरचा माणूस दवाखान्यात वेळेवर पोचला नव्हता.

आमसभा मैदानात झाली. बऱ्याच वर्षांनी संस्थेची निवडणूक होती, बायकाही सगळ्या आल्या होत्या. काम सुरू होण्याआधी माझे यजमान उठून उभे राहिले. ते कधी चारचौघांत बोललेले मी पाहिले नव्हते.

"मैंने दस्तख़त किए हैं," ते म्हणाले. "पहले यह सुन लीजिए."

मागून कुणीतरी काहीतरी कडू बोललं. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि बोलत राहिले. हिंदीत सुरुवात केली, मधेच मराठी येत होतं, त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांनी एकेका घराची अडचण सांगितली, नाव न घेता. मग म्हणाले, "कंपनी का लड़का मेरे घर आया. उसने पूछा, अंकलजी, आपको तकलीफ़ क्या है? झूठे मन से पूछा होगा. पर पूछा. हमारी संस्था ने कभी नहीं पूछा." आणि ते खाली बसले.

सेक्रेटरी साहबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बात सही है," ते म्हणाले. "मेरे कपाट में रजिस्टर था. मैं भी सोया रहा."

त्यानंतर जे झालं ते माझ्या नकाशावर झालं. सतरंजीवर तो पसरला, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि लोक गुडघ्यांवर बसून आपापलं घर शोधू लागले. ॲम्ब्युलन्स जाण्याएवढी वाट करायची तर दोन्ही बाजूंचे ओटे मागे घ्यावे लागणार होते. कुणाचा किती, हे कागदावर स्पष्ट दिसत होतं. कुणाचा हातभर, कुणाचा अर्धा, आणि तीन घरांचा पूर्ण. त्या तिघांत दीदीचा ओटा होता.

लोक हो म्हणाले, हात वर झाले, तिनेही हात वर केला. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ओट्यावर बसून बिड्या वळत राहिली, मान खाली. ती रेघ मीच काढली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हातोड्याचा आवाज आला. तिचा जावई ओटा फोडत होता आणि ती सुपात तेंदूची पानं घेऊन दारात उभी होती. मी पलीकडे गेले.

"बैठूँगी कहाँ, यही सोच रही थी," ती म्हणाली. "और कुछ नहीं."

"आमच्या ओट्यावर."

"तेरा भी तो कटेगा."

"अर्धा राहतो. दोघींना पुरतो."

तिने सूप माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून विटा उचलायला लागली.

पावसाळ्याआधी वाट मोकळी झाली. लोकांनी स्वतःच फोडलं, स्वतःच राडारोडा वाहिला. नाली नव्याने खोदली. टोकाच्या घरांसाठी वेगळा पाइप टाकला. अकरातल्या नऊ घरांनी संमती मागे घेतल्याचं लिहून दिलं, त्यात पहिला कागद आमचा. भिलाईला जाणाऱ्या आजोबांचं घर संस्थेने घेतलं, कारण आमसभेत ठरलं होतं की कुणाला जायचं असेल तर त्याने आधी संस्थेला विचारावं. अकरावा माणूस शेवटपर्यंत फिरला नाही. त्याच्यावर कुणी राग धरायचा नाही असंही ठरलं होतं, आणि काहींनी तो धरलाच.

आमच्या घराचं माप मी आमसभेच्या आदल्या दिवशी घेतलं होतं, तेव्हा टेपचं टोक नवऱ्याने धरलं. दीदी दारात उभी राहून त्यांना सांगत होती, "भाईसाहब, ढीला है, ढीला है."

तपासणीला अधिकारी आले तेव्हा कंपनीचा तोच नम्र माणूस त्यांच्याबरोबर होता. त्याने मला नमस्कार केला, मीही केला. अधिकाऱ्यांच्या हातात माझा नकाशा होता. त्यांनी आपल्या माणसाकडून कुठल्याही पाच घरांत टेप लावून पाहिली. एका ठिकाणी बोटभर फरक निघाला. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. त्यांच्या माणसाने टेप आतल्या प्लास्टरऐवजी बाहेरून धरली होती. सोळा नंबरात ते थांबले.

"यह टूटी लकीर क्या है?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात थोरला भाऊ म्हणाला, "दरवाज़ा है, साहब. बंद है."

भिंतीच्या पलीकडे धाकटाही उभा होता. त्याने तिकडून सांगितलं, "अभी बंद है."

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. जाताना त्यांनी मला विचारलं की हे कुठल्या सर्व्हेयरने केलं. सेक्रेटरी साहबांनी माझ्याकडे हात केला. अधिकारी म्हणाले, "हाथ से?" मी म्हटलं, "जी." यजमान मागे खुर्चीवर बसले होते. मी वळून पाहिलं तर ते दुसरीकडेच बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

निकाल यायला बराच काळ लागला. कंपनी वरच्या कचेरीत गेली, तारखा पडल्या, सेक्रेटरी साहबांच्या चपला झिजल्या. शेवटी बेचाळीस घरं आणि मधली गल्ली यांच्यावर संस्थेचं नाव लागलं. मैदान गेलं. त्यावर आमचा ताबा सिद्ध करता आला नाही. मैदानात मोजायला भिंत नव्हती, आणि मला ते कागदावर नुसतं पांढरं सोडावं लागलं होतं. आदेशाची प्रत आली त्या संध्याकाळी सगळे तिथेच जमले. आनंद होता, आणि हळहळही. त्या मैदानात वस्तीतल्या सगळ्यांच्या वराती उतरल्या होत्या. सेक्रेटरी साहबांनी पेढे वाटले आणि स्वतः न खाता रुमालात बांधून घरी नेले.

आता मैदानाभोवती पत्र्याचं कुंपण आहे आणि आत कंपनीची इमारत चढते आहे. दिवसभर धूळ येते. गल्लीत आता महापालिकेची कचरागाडीही शिरते, सकाळी सातला भोंग्यावर गाणं लावून, आणि वाट रुंद करायला सगळ्यात पुढे असलेले लोकच सगळ्यात जास्त वैतागतात. दीदी आमच्या ओट्यावर बसते. माझे यजमान तिला रोज सांगतात की बिडीच्या तंबाखूने त्यांना शिंका येतात, आणि ती रोज सांगते की मग आत जाऊन बसा. ते आत जात नाहीत.

इमारतीवर काम करणारी माणसं डिंडोरीकडच्या जंगलातल्या गावांची आहेत. बायका-मुलं घेऊन कुंपणाच्या आतच राहतात. उन्हाळ्यात त्यांचं पाणी संपलं तेव्हा दोघी जणी डबे घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आत यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. वस्तीत यावरून वाद झाला. काहींचं म्हणणं, ज्या इमारतीने मैदान घेतलं तिला आपण पाणी काहून द्यायचं? दीदी म्हणाली, पाणी इमारत पिणार नाही, पोरं पिणार आहेत. संस्थेच्या बैठकीत ठरलं की सकाळी एक तास टोकाचा नळ त्यांच्यासाठी. आता त्या तासाला माझे यजमान तिथे खुर्ची टाकून बसतात. घाई होऊ नये, कुणाचा डबा राहू नये म्हणून. काल घरी आल्यावर सांगत होते, त्या बायकांतली एक पोटुशी आहे, तिला खालून डबा उचलू देऊ नये. मग म्हणाले, "नळाखाली एक कट्टा बांधला तर? डबा वरच राहील."

"किती उंच?" मी विचारलं.

त्यांनी हाताने कमरेशी दाखवलं. मी टेप शोधायला उठले.